संशोधकांची वेबसाइट कार्यशाळा: दोन दिवसांत काय घ्यावं?

खानापूरकर: बेळगावात मराठी आणि इतिहासाच्या २० पीएचडी विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा ठरतेय. प्रत्येकाची साइट उभी राहिली की झालं. बहुतेकांना वर्डपलीकडे काही येत नाही. मजकूर मराठी, काहींचा कन्नडही, वर हलशीच्या देवळांचे ढीगभर फोटो. वर्डप्रेस (तयार साच्यांतून साइट बनवायची सोय) की साधं एचटीएमएल (पानाचा कोड स्वतः लिहायचा)? खर्चाला पैसे नाहीत.

टिळकवाडी_८: साधं एचटीएमएल, गिटहब पेजेसवर, म्हणजे फाइली चढवल्या की त्यांची साइट दाखवणाऱ्या सेवेवर. फुकट आहे. खाती आदल्या दिवशी घरूनच उघडायला सांगा, नाहीतर सकाळ ओटीपीतच जाते. रिपॉझिटरीचं (साइटच्या फाइलींच्या तिथल्या फोल्डरचं) नाव युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ असं ठेवा, म्हणजे साइट थेट त्याच पत्त्यावर उघडते.

विंडोजमध्ये आधी फाइल एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं ‘डॉट एचटीएमएल’सारखं शेपूट) दिसतील असं करा. नोटपॅड गुपचूप ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’ करून ठेवतं आणि पोरं पान का उघडेना म्हणून बसतात. दुसरं, फोटोची फाइल कॅपिटल ‘जेपीजी’ आणि कोडात स्मॉल: लॅपटॉपवर दिसतो, साइटवर गायब, कारण विंडोज हा फरक मानत नाही आणि तिथला सर्व्हर मानतो. नावं सगळी स्मॉल, स्पेस नको. फोटो १२०० पिक्सेल रुंदीला आणा, ५ एमबीचे तसेच चढवू नका. बदल दिसायला कधी १० मिनिटंही लागतात. तेवढ्यात कोड उचकटू नये.

निपाणीची_मास्तरीण: खरी अडचण कोड नाही, मजकूर आहे बगा. श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, टाइप केलेला प्रबंध चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं उमटतात. आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरपद्धत) बदला, मग रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. ‘कर्नाटक’मधला रफार हमखास भलत्या अक्षरावर बसतो. सेव्ह करताना एन्कोडिंगच्या पर्यायात यूटीएफ-८ च निवडा, एएनएसआय निवडलं तर प्रश्नचिन्हं उरतात. कोडात भाषा सांगणारी लँग ही खूण पानाला ‘एमआर’ (मराठी), कन्नड परिच्छेदाला ‘केएन’ द्या. ओळींतलं अंतर १.६ ठेवा, नाहीतर मात्रा वरच्या ओळीतल्या उकाराला चिकटतात.

खानापूरकर: मॅडम, प्रबंधाची अप्रकाशित प्रकरणं चढवली तर चालतात का?

टिळकवाडी_८: नको. फुकट खात्यावर पेजेससाठी रिपॉझिटरी सार्वजनिकच लागते. नंतर फाइल काढली तरी ती जुन्या नोंदींत राहते. मुलाखत दिलेल्यांचे फोन नंबर तर अजिबात नकोत. पहिल्या दिवशी परिचय, प्रकाशित लेखांची यादी आणि एक फोटो, एवढंच एक पान करा.