शोपँच्या नॉक्टर्नची कुठली प्रत घ्यावी?

पियानोवेडी: मंडळी, सल्ला हवाय. शोपँ या संगीतकाराचं ई फ्लॅट नॉक्टर्न (संथ पियानोरचना; ऑपस, म्हणजे कृतिक्रमांक, ९, नंबर २) बसवायला घेतलंय. नेटवरून उतरवलेली प्रत आणि सरांकडची जुनी प्रत, दोन्हीत स्लर (सूर जोडून वाजवायच्या कमानी) वेगळे, पेडलच्या खुणा वेगळ्या. सर म्हणतात कुठलीही वाजव. असं कसं चालेल? विकत कुठली घेऊ?

उतरता_निषाद: सर बरोबर सांगतायत गं, मूळ प्रत एक नाहीच्चे. तेव्हा कॉपीराइट देशाच्या हद्दीपुरताच असायचा, पॅरिसला छापलेलं जर्मनीत कुणीही उचलून छापायचं, म्हणून शोपँ एकच रचना तीन देशांत तिघा प्रकाशकांना विकायचा आणि साधारण एकाच वेळी बाहेर काढायला लावायचा. हे नॉक्टर्न १८३२-३३ च्या सुमारास लायप्झिगला किस्टनर, पॅरिसला श्लेसिंगर, लंडनला वेसेल यांनी काढलं. तो राहायला पॅरिसला, म्हणून तिथली प्रुफं हाताशी, तिथे तो शेवटपर्यंत बदल करत बसायचा, ते सगळे बाकीच्या दोघांपर्यंत पोचायचेच असं नाही. वर शिष्यांच्या प्रतींत पेन्सिलीने नव्या हरकती (सुरांची नक्षी) लिहून द्यायचा, तुझ्या नॉक्टर्नला तर भरपूर. तेव्हा यान एकिएरने संपादित केलेली पोलंडची नॅशनल एडिशन घे, त्यात त्या हरकतीही छापल्यात. हेन्ले या जर्मन प्रकाशकाची प्रतही चांगली. जुन्या छापील प्रती आयएमएसएलपी या नोटेशनच्या साइटवर फुकट चाळता येतात.

गोदाकाठ: +१ एकिएर. फरक नुसते स्लरचे नसतात हो, ऑपस ३५ च्या सोनाटात जर्मन प्रतीत रिपीटची (परत वाजवायची) खूण सुरुवातीच्या ग्रावेनंतर, म्हणजे संथ ओळींनंतर, आहे, फ्रेंच आणि इंग्लिशमध्ये ती नाही, त्यामुळे कुठून परतायचं यावर पियानिस्ट अजून भांडतात.
अवांतर: वेसेलने ऑपस ९ ला 'सेन नदीची कुजबुज' छाप नाव परस्पर चिकटवलं होतं, शोपँ असल्या नावांवर जाम भडकायचा. पण लंडनचे पैसे कुणाला नको असतात! बेटोफननेही १८०७ मध्ये लंडनचा प्रकाशक क्लेमेंटीला ब्रिटनपुरते हक्क २०० पौंडांना विकले, तीन क्वार्टेट, चौथी सिम्फनी, व्हायोलिन कॉन्चेर्टो असा घसघशीत माल, आणि युद्धाच्या धामधुमीत पैसे हातात पडायला १८१० उजाडलं.

पियानोवेडी: भारीच! एकिएर ठरली. सेकंडहँड चालेल ना?

उतरता_निषाद: नवीनच घे. जुनीत आधीच्या मालकाने बॉलपेनने फिंगरिंग (कुठलं बोट कुठे) लिहिलेलं असतं, ते चौथं व्हर्जन.