‘महल’मधलं भूत खोटं निघालं, मग भीतीही खोटी का?

मांडवीकाठ (पणजी)
कमाल अमरोहींचा ‘महल’ (१९४९) परवा घरात सगळ्यांनी मिळून पाहिला. शेवटी जो गलका झाला तो इथे आणून टाकतोय. तरुण मंडळींचा निकाल एका वाक्यात : अडीच तासांवर बसवून ठेवलं आणि भूतच नाही, ही शुद्ध फसवणूक!

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (शेवट फोडतोय. पंचाहत्तर वर्षांत पाहिला नसेल तर माझा नाइलाज आहे.) हरिशंकर, म्हणजे अशोककुमार, वडिलांनी लिलावात घेतलेल्या नदीकाठच्या वाड्यात राहायला येतो. माळी सांगतो की वाडा बांधणारा होडी बुडून गेला आणि त्याची वाट बघणारी कामिनीही गेली. तसबिरीतला तो मेलेला मालक हुबेहूब ह्याच्यासारखा! रात्री दोनचे ठोके पडतात, गाणं ऐकू येतं, मधुबाला दिसते. पुढे रंजनाशी लग्न होतं, पण हा तिच्याकडे ढुंकून बघत नाही. ती विष घेते, आळ ह्याच्यावर येतो आणि कोर्टात कळतं की कामिनी म्हणजे माळ्याचीच मुलगी, आशा.

माझ्या मते चित्रपट खरा भीतिदायक होतो तो तिथून पुढे. तोवर आपण म्हणत असतो, बिचारा झपाटलाय. कोर्टात कळतं की झपाटायला कोणी नव्हतंच. शिकलासवरलेला माणूस, मित्र कानीकपाळी ओरडतोय, तरी ह्याला भूतच हवं होतं. आणि त्यापायी रंजनाचा जीव गेला. खरं भूत निघालं असतं तर हा सुटला असता, सगळं कामिनीच्या माथी मारून.

तिसऱ्या_रांगेतला (म्हापसा)
मांडवीकाठ बाब, तुम्ही लिहिलंत ते चित्रपटापेक्षा चांगलं आहे. पडद्यावर यातलं काय दिसतं? आशा पिंजऱ्यात उभी राहून सगळं सांगते, झालं. दोन तास उधारीवर भीती घ्यायची आणि वसुलीच्या वेळी दिवाळं काढायचं, त्यातला प्रकार.

आणि तिच्या बेताचं गणित कोणी मला समजावून सांगा. कामिनी त्याला म्हणते, माळ्याच्या मुलीला मार, म्हणजे मी तिच्या देहात येईन. पण माळ्याची मुलगी ती स्वतःच! हरिशंकरने खरोखर सुरा उचलला असता तर? लेखक मंडळींना हा प्रश्न पडला नव्हता असं धरून चालायचं का?

नाटकवेडी (फोंडा)
तुम्ही तिला बेत करणारी खलनायिका समजताय, म्हणून गणित जुळत नाही. ती त्या बंद वाड्यात कामिनीची गोष्ट ऐकत वाढलेली पोर आहे. तसबिरीतल्या माणसाच्या प्रेमात पडलीय आणि एके रात्री तोच माणूस दारात उभा. तिच्याकडून कसलं गणित मागता? झपाटलेली दोघंही आहेत. आणि मधुबाला तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची होती, हे लक्षात ठेवून तिचे डोळे बघा.

भीतीबद्दल बोलायचं तर छायालेखन बघा, जोसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचं. आम्ही जत्रेतल्या नाटकांना प्रकाश करतो तेव्हा नवशिक्या पोरांची पहिली खोड म्हणजे भूत आलं की सगळे दिवे त्याच्यावर. विर्शिंग नेमकं उलटं करतो. ती झोक्यावर बसलेली असते तेव्हा आपल्याला चेहरा बघायचाय, आणि उजेड आहे तो पुरा पडत नाही. हरिशंकर पुढे सरकतो त्याच्याबरोबर आपणही मान पुढे काढतो. किंकाळी नाही, रक्त नाही.

माझी तक्रार निराळी आहे. रंजनाला दूर रानातल्या झोपडीत नेऊन टाकलंय, वर वटवाघळं, खाली साप, आणि नवरा तोंड फिरवून बसलेला. ती नणंदेला पत्रं लिहीत राहते. खरी भयकथा ती आहे. चित्रपट मात्र शेवटी पुन्हा हरिशंकरच्याच प्रेमावर अश्रू ढाळतो, ते मला सहन होत नाही.

तिसऱ्या_रांगेतला
रानातल्या भागाबद्दल एकमत. फक्त मला तो सहन न होण्याचं कारण कंटाळा.

आता कोणी बोलत नाही ते मी बोलतो. लताबाईंचं ‘आयेगा आनेवाला’ हे गाणं काढून टाका आणि हा चित्रपट पुन्हा बघा. काय उरतं? आपल्या गोव्यात तर विचारायलाच नको. लता मंगेशकर म्हटलं की मंगेशी, आणि मंगेशी म्हटलं की आपण हात जोडून चिकित्सा बंद करतो.

प्रियोळचा_पाहुणा
मंगेशी आमच्याच गावात, तेव्हा या आरोपाला मीच उत्तर देतो. हात जोडतो हे खरं. पण गाणं काढून बघा म्हणजे काय? त्या वाड्याला तोंड आहे ते गाण्याचंच. हरिशंकर भुलतो तो आधी आवाजाला.

ते केलंय कसं तेही बघा. सुरुवातीच्या संथ ओळी दुरून येतात आणि हळूहळू जवळ येतात. लताबाईंनीच सांगितलं होतं की ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ चालत आल्या. हेडफोन लावून ऐका, आवाज कुठल्या खोलीतून येतोय याचा अंदाज घ्यावासा वाटतो. संगीतकार खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी वारले, हे यश त्यांना फार दिवस बघायला मिळालं नाही. आणि रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? ‘कामिनी’! विसाव्या वर्षी गायलेल्या मुलीचं नावसुद्धा भुताने खाल्लं. गाण्याला ठिगळ म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग कापड कुठलं ते दाखवा.

सासष्टीकर
चर्चा चांगली चाललीय, पण मला मुळात वाडाच पटत नाही. वाड्याचा मालक मेला, लिलाव झाला, नवा मालक हजर. आमच्याकडे असं सुटसुटीत कुठे? जुना पोर्तुगीज सिव्हिल कोड १८६७चा, वारस सगळे, त्यातले अर्धे लिस्बनला नाहीतर मुंबईत, आणि इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे वाटणीचं कोर्टातलं काम, पिढ्यान्‌पिढ्या. बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, झाडं उगवतात, खिडकीला काचेऐवजी लावलेले शिंपले एकेक करून गळतात, आणि मग गाव ठरवतं की घरात काहीतरी आहे. असतात वटवाघळं आणि कज्जे.

पण याच कारणाने मांडवीकाठ यांचं मत मला पटतं. बंद घराला भूत चिकटवणारे आपण बाहेरचेच असतो. हरिशंकर तरी निदान आत राहायला गेला.

तिसऱ्या_रांगेतला
म्हणजे सगळं मान्य करायचं, फक्त ‘महल’ वाईट आहे एवढं सोडून. गाणं थोर, छायालेखन थोर, मधुबाला थोर. मग तरुण मंडळी का वैतागली? कारण भयपटाने भीतीची जबाबदारी शेवटपर्यंत घ्यायला हवी. अमरोहींनी ती वकिलांवर ढकलली. संकलक तर खुद्द बिमल रॉय! रान आणि कोर्ट मिळून कात्री चालवली असती तर दीड तासाचा अस्सल भूतपट झाला असता.

नाटकवेडी
आणि रंजना? तिलाही कापणार? तेवढी एकच खरी बाई आहे त्यात.

मांडवीकाठ
रंजना कापलीस तर विष कोण घेणार आणि खटला कशाचा चालवणार रे?

तिसऱ्या_रांगेतला
अहो, खटलाच नको म्हणतोय मी पहिल्यापासून!