ठाण्याहून अर्ध्या दिवसात नदीत डुंबून परत येता येईल अशी जागा?

वर्तकनगरवाला:

नमस्कार मंडळी,

भाऊबीज झाली की नागपूरहून ताई आणि तिची दोन मुलं आठवडाभर आमच्याकडे राहायला येताहेत. थोरला पंधरा वर्षांचा, धाकटी बारा. दोघांना पोहता येतं, पण शिकलेत स्विमिंग टँकमध्ये. मॉल आणि वॉटरपार्क नको, असं फोनवर आधीच बजावलंय. "मामा, खरी नदी दाखव."

तर मला हवंय ते असं: सकाळी निघून दुपारी दोन-अडीचपर्यंत घरी, कारण आईला जास्त वेळ बाहेर झेपत नाही. ती पण येणार आहे (गुडघे दुखतात, पण घरी थांबायची तयारी नाही). मुलांना डुंबायला नैसर्गिक डोह, आम्हाला काठावर चटई टाकून लोळायला सावली. रिसॉर्ट नको, तिथला डीजे तर नकोच. येऊरचं नाव सगळे घेतात, पण ते राष्ट्रीय उद्यानात येतं आणि पावसाळा सरला की ओढ्यांत पाणीही उरत नाही.

गाडी आहे, पण लोकल चालत असेल तर लोकलच बरी. बायकांना कपडे बदलायची सोय होईल का, हेही कुणी सांगा.

बदलापूर_ईस्ट:

कोंडेश्वर. विषय संपला.

बदलापूर स्टेशनवरून रिक्षा मिळते, देवळाजवळच कुंड आहे, पोरं वरून उड्या मारतील. एक नंबर जागा. आम्ही कॉलेजला असताना पडीकच असायचो तिथे.

पेजकाठची:

विषय संपला नाही हो, बदलापूरकर. कोंडेश्वरचं कुंड देखणं आहे यात वाद नाही, महादेवाच्या दर्शनाला जरूर जावं. पण दुसऱ्याची पोरं जबाबदारीवर घेऊन तिथे उड्या मारायला नेऊ नयेत, मामाने तर नाहीच.

पावसाळ्यात तर बोलायलाच नको. ठाण्यात काय नि आमच्या रायगडात काय, पाऊस सुरू झाला की जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, २०२४ पासून ते १६३ झालं. कोंडेश्वर, बारवीचा परिसर, आषाणे, सोलनपाडा, पाली-भूतिवली ही नावं त्यात ठरलेली. तरी लोक मागच्या वाटेने जातात आणि सोमवारच्या पेपरात येतात.

कातळातल्या कुंडाचा धोका काय तो सांगते, कारण "पोहता येतं ना मग काय" हे मी फार ऐकलंय. कडेला गुडघाभर पाणी असतं आणि पुढच्या पावलाला तळच नसतो. धबधबा पडतो तिथे पाणी फेसाळलेलं असतं. फेस म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा. त्यात अंग तरंगत नाही, चांगला पोहणारासुद्धा खाली जातो. आणि बाहेर यायचं म्हटलं तर कातळ गुळगुळीत, वर शेवाळ, धरायला काही नाही. टँकमध्ये शिकलेल्या मुलांना दमलं की कड धरायची सवय असते. इथे कड हातातच येत नाही.

माझा नियम एकच आहे. पाणी कुठून येतंय ते आधी विचारायचं, मग चपला काढायच्या. डोंगरातून थेट येत असेल तर तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वर पाऊस पडून लोंढा येऊ शकतो. पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा, काटक्या वाहत यायला लागल्या की सामान सोडून काठ गाठायचा. आपण "बघू पाच मिनिटं" म्हणतो, पाणी म्हणत नाही.

आता तुमच्यासाठी: पेज नदी, कर्जत तालुका.

माझं माहेर कशेळ्याच्या बाजूला, वडील भिवपुरीच्या पॉवर हाऊसला होते, त्यामुळे ही नदी मला घरातल्या माणसासारखी माहीत आहे. दिवाळीनंतर कर्जतचे ओढे एकेक करून आटतात, पेज वाहतच राहते. कारण तिच्यात नुसतं पावसाचं पाणी नसतं. वर मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. तिथलं पाणी डोंगरातून आणून पाइपांनी घाटाखाली सोडायचं, टाटांच्या भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये त्यावर वीज करायची आणि ते पाणी पेजेत सोडायचं, असं १९२२ पासून चाललंय. खरं तर आंद्रा इंद्रायणीला मिळते, म्हणजे ते पाणी भीमेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जायचं. घाटावर अडवलं म्हणून ते पेजेतून उल्हासला आणि उल्हासमधून वसईच्या खाडीला येतं. आमच्याकडे उन्हाळी भात होतो तो याच पाण्यावर, राजनाल्याच्या कालव्याने.

(कालव्यात मात्र कुणी उतरू नका. पाणी संथ दिसतं, पण ओढ असते आणि भिंती सरळ. मुलांना हे घरून निघतानाच सांगा.)

म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी पेजेसारखी नदी नाही. पाणी निवळलेलं, तळाचे गोटे मोजता येतील इतकं. आणि गार. सकाळी आठला पाय टाकलात तर धाकटी किंचाळणार, दहा मिनिटांनी बाहेर यायला तयार होणार नाही.

पण तोच नियम इथेही. पाणी पॉवर हाऊसचं, तेव्हा वीज कमी-जास्त करतील तसं पाणी कमी-जास्त होणार. गोट्यांवर ओलीची रेघ दिसते, चटई तिच्या वर टाकायची. कितीही छान वाटलं तरी मधल्या खडकावर डबे-पिशव्या मांडून बसायचं नाही. आणि मुलं पाण्यात असताना एक मोठं माणूस काठावर कोरडं आणि मोबाइलशिवाय.

डोह आधी मोठ्या माणसाने बघायचा. हातात बांबूची काठी घ्यायची, पुढे टेकवायची, तळ लागला की मग पाऊल. काठी रेतीत रुतते, गोट्यावर टणकन वाजते आणि जिथे काहीच लागत नाही तिथून मागे फिरायचं. मग एक सुकं पान पाण्यावर सोडायचं. ते रमतगमत गेलं तर उतरा, ओढल्यासारखं निघालं तर जागा बदला. मुलांच्या कमरेपर्यंत पाणी आणि संथ वळण, एवढं पुरे. गावातल्या पोरांना विचाराल तर ती बोट दाखवून सांगतात कुठे खोल आहे. त्यांचं ऐका, ती तिथेच पोहायला शिकलेली असतात. उड्या मात्र नाहीत, अजिबात नाहीत. गेल्या वर्षी रेती होती तिथे या वर्षी दगड असतो.

काठाला उंबर, करंज, जांभूळ आहेत, सावलीची चिंता नको. पाय सोडून बसलात तर बारके मासे येऊन टोचतात, शहरात त्याचे पैसे घेतात म्हणे.

घोडबंदर_रोड:

माहिती छान, पण काकूंच्या गुडघ्यांचं कुणी बोललंच नाही. गणेशपुरी-अकलोली बघा ना. गरम पाण्याची कुंडं, शेजारी तानसा नदी, वर वज्रेश्वरीचं दर्शन. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ ला, त्यानंतर बांधलेलं देऊळ. शिरसाड फाट्यावरून आत वळलं की झालं. आमचे आजोबा संधिवातासाठी जायचे.

वर्तकनगरवाला:

@घोडबंदर_रोड, आईला वाचून दाखवलं, ती एका पायावर तयार. (दुसरा दुखतोय.) पण मुलांचं काय, गरम कुंडात पोहता येतं का?

@पेजकाठची, तुमचा प्रतिसाद बायकोने सेव्ह करून ठेवलाय. भिवपुरी म्हणजे भिवपुरी रोड स्टेशनला उतरायचं का?

पेजकाठची:

नाही नाही! इथेच सगळे फसतात. भिवपुरी रोड स्टेशन नेरळ आणि कर्जतच्या मध्ये आहे, पॉवर हाऊसची भिवपुरी तिथून बरीच लांब, सह्याद्रीच्या पायथ्याला. तुम्ही कर्जतलाच उतरा. बाहेर कडाव, कशेळ्याकडे जाणाऱ्या सहा आसनी मिळतात. आई बरोबर आहेत तर सहा आसनीचे हिसके नकोत, पूर्ण रिक्षा ठरवा, परतीचं तेव्हाच बोलून ठेवा आणि त्याचा नंबर घ्या.

पहाटेची कर्जत पकडा, जागा मिळते. ठाण्याहून दीडेक तास धरा. स्टेशनवर वडा खा, पण एकच, पोहायचं आहे. आठ-साडेआठला पाण्यात, साडेदहाला बाहेर, अकराला रिक्षा. रविवार शक्यतो टाळा. एक तर गर्दी, दुसरं म्हणजे मेगाब्लॉक. परतीला कल्याणला ताटकळलात तर दोन-अडीच विसरा. मधल्या वारी गेलात तर सबंध काठ तुमचा.

अकलोलीबद्दल: आईंसाठी उत्तम, मुलांसाठी नाही. ते पाणी जमिनीत खोल जाऊन तापतं आणि भेगांतून वर येतं. इतकं कढत असतं की पहिल्यांदा नुसता पाय टाकून बघावा लागतो. पोहायचं पाणी नव्हे ते, शेकायचं. पाच-दहा मिनिटं बसायचं, उठताना कुणाचा तरी हात धरायचा, कारण चक्कर येते. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि तानसेवर वर मुंबईच्या पाण्याचं धरण आहे १८९२ चं, पाणी तिकडेच अडतं. त्यामुळे हिवाळ्यात खाली नदीत डुंबण्यासारखं फारसं उरत नाही. एका सकाळी दोन्ही करायच्या फंदात पडू नका, दोन दिशा आहेत.

खारघर_सेक्टर१२:

आमच्या नवी मुंबईकरांसाठी कुणी काही सांगेल का? पांडवकडा धबधब्याला पावसाळ्यात पोलीस उभे असतात, आणि बरोबरच आहे. गाढी नदीला नेऱ्याच्या पुढे लहानपणी खूप डुंबलोय, पण आता काठावर फुटलेल्या बाटल्या इतक्या की अनवाणी पाऊल टाकवत नाही. देहरंग धरण पनवेलच्या पिण्याच्या पाण्याचं, तिथे उतरणं बरं वाटत नाही.

पेजकाठची:

पनवेल, चौक, कर्जत असा सरळ रस्ता आहे की तुम्हाला, ठाणेकरांपेक्षा तुमचंच सोपं. गाढी माथेरानच्या डोंगरातून येते, तिच्या मागे पॉवर हाऊस नाही, म्हणून हिवाळ्यात ती रोडावते आणि डबकी उरतात. साचलेल्या डबक्यात मुलांना उतरवू नका, पायाला कुठे कापलं-खरचटलं असेल तर मुळीच नको.

बाटल्यांचं म्हणाल तर आमच्याकडेही तेच सुरू झालंय. म्हणून पाण्यात जाताना जुने सँडल घालून जा, मागे पट्टा असलेले. स्लिपर वाहून जाते आणि ती पकडायला पोर धावतं, तिथून पुढची गोष्ट सांगायला नको.

बदलापूर_ईस्ट:

ताई, पटलं. कोंडेश्वरला हिवाळ्यात नुसतं बसायला हरकत नाही ना? आणि आमच्याच उल्हासला काय झालंय, ती पण पेजेचंच पाणी घेऊन येते की. बॅरेजला, म्हणजे तिच्यावरच्या बंधाऱ्याला, जातो आम्ही फिरायला.

पेजकाठची:

बसा की, खुशाल बसा. डबा घेऊन जा आणि रिकामा डबा परत घेऊन या.

उल्हास वरच्या अंगाला, कोंदिवड्याच्या बाजूला, छानच आहे. पण ती गावं आणि शहरं घेत घेत खाली येते. बॅरेजचं पाणी तुम्हीच पिता, त्यात डुंबायचं कशाला? आणखी खाली रायते, मोहने इथे जलपर्णीने पात्र हिरवंगार होतं, वालधुनीही तिकडेच येऊन मिळते. तिथे काठावर बसायचीही इच्छा होत नाही. आणि जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती ती याच नदीच्या पुरात, तेव्हा पावसाळ्यात तिला लांबूनच नमस्कार.

वर्तकनगरवाला:

ठरलं. पेज, गुरुवारी. आईची अकलोली शनिवारी वेगळी, ताई आणि मी घेऊन जाऊ.

कपडे बदलायचं तेवढं राहिलं. आणि जेवणाचं काय करायचं? घरून नेऊ की तिकडे काही मिळतं?

पेजकाठची:

कपड्यांसाठी दोन जुन्या साड्या आणि दोरी न्या. दोन झाडांत बांधल्या की खोली झाली. किंवा काठाजवळच्या घरी विचारा. दिवाळीनंतर भातझोडणीची गडबड असते, खळ्यावर माणसं असतात, पण बाईमाणसाला आणि मुलांना पडवीत जायला कुणी नाही म्हणत नाही. आईंनाही तिथे खाटेवर टेकता येईल. रिक्षावाला बहुधा तिथलाच कुणीतरी असतो, त्यालाच आदल्या दिवशी फोन करून सांगा. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी, असेल ती भाजी, एवढं एखादी मावशी करून देते. पैसे आधी विचारून घ्या आणि घासाघीस करू नका. पोपटी (भांबुर्डीच्या पाल्यात मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) मात्र आत्ता मागू नका, वालाच्या शेंगा भरायला जानेवारी उजाडतो. तेव्हा परत या, भांबुर्डीचा पाला मी सांगते कुठे मिळतो ते.

आणि मुलांना कोरडे कपडे दोन जोड न्या. एक जोड परत भिजतोच.