ड्रायव्हर अपडेटनंतर लॅपटॉपचा माइक गायब, इअरफोनचा मात्र चालतो

नीलमोहर:
विंडोज ११, इंटेल आय५, ११वी पिढी. ऑप्शनल अपडेट्समधून ऑडिओ ड्रायव्हर घेतल्यापासून लॅपटॉपमधला माइक बंद आहे. साउंड सेटिंग्जमध्ये इनपुटखाली ‘मायक्रोफोन अ‍ॅरे’ हे नावच दिसत नाही. ३.५ मिमी जॅकला मोबाइलचा इअरफोन लावला की त्याचा माइक चालतो, स्पीकरही ठीक. प्रायव्हसीमधली माइकची सगळी बटणं चालू आहेत. रियलटेकचा ड्रायव्हर दोनदा काढून परत टाकला, काही फरक नाही. विंडोज नव्याने टाकण्याआधी अजून काय करता येईल?

तांब्याची_तार:
विंडोज टाकायची गरज नाही, आणि रियलटेकलाही आता हात लावू नका. इअरफोनचा माइक चालतोय यातच उत्तर आहे. जॅकचा माइक रियलटेकच्या चिपमधून जातो. स्क्रीनच्या कडेला असलेले माइक डिजिटल असतात. ते रियलटेकला जोडलेलेच नसतात, थेट इंटेलच्या ऑडिओ प्रोसेसरला जातात. त्यांचा ड्रायव्हर वेगळा: ‘इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी फॉर डिजिटल मायक्रोफोन्स’. तुमचा तोच पडलेला दिसतो.

आधी लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुमचा सिरियल नंबर टाकून ऑडिओ आणि चिपसेट, दोन्ही ड्रायव्हर उतरवून ठेवा. मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, व्ह्यू मेनूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ उघडा आणि डिजिटल मायक्रोफोन्सच्या त्या नावावर पिवळा त्रिकोण आहे का ते पाहा. असेल तर प्रॉपर्टीजमध्ये कोड कोणता आहे तो इथे लिहा. कोड १० म्हणजे उपकरण सुरूच होत नाही, २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही.

ड्रायव्हर टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबता येत असेल तर तेवढ्यावर काम भागतं. नंतर ‘रीस्टार्ट’ करा, ‘शट डाउन’ नको. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केलं की विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच परत उठतो. ड्रायव्हर बदलल्यावर अनेकांचं गाडं इथेच अडतं.

नीलमोहर:
पिवळा त्रिकोण आहे, कोड १०. रोल बॅकचं बटण फिकं आहे, दाबता येत नाही.

तांब्याची_तार:
फिकं म्हणजे जुनी प्रत शिल्लक नाही. मग मुळापासून काढू.

वायफाय बंद करा, नाहीतर रीस्टार्ट होताच विंडोज तोच ड्रायव्हर परत आणून बसवेल. त्या डिजिटल मायक्रोफोनवर राइट क्लिक, अनइन्स्टॉल डिव्हाइस, आणि खाली ‘अटेम्प्ट टु रिमूव्ह द ड्रायव्हर’ असा चौकोन येतो त्यावर टिक कराच. टिक नसेल तर फाइल मशीनमध्ये तशीच राहते आणि विंडोज तीच परत लावतं. तुम्ही रियलटेक दोनदा काढलात तेव्हाही टिक राहून गेली असेल, तर दोन्ही वेळा तीच प्रत परत बसली.

त्यानंतर ‘सिस्टिम डिव्हायसेस’मध्ये ‘इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’ने सुरू होणारी नावं असतील, तीही अशीच काढा. आधी मुलं (साखळीत खाली असलेली उपकरणं), मग पालक (ती ज्याला जोडलेली आहेत ते), हा क्रम ठेवा. या टप्प्यावर स्पीकरही बंद पडतील. घाबरू नका, तेही याच साखळीत खाली आहेत. रीस्टार्ट, मग चिपसेट, मग कंपनीचं ऑडिओ पॅकेज, परत रीस्टार्ट. वायफाय सगळ्यात शेवटी.

कातळशिल्प:
वरच्या उत्तरात एक भर, आणि ११व्या पिढीसाठी ती महत्त्वाची आहे. जुना ड्रायव्हर हवा म्हणून कुठूनही कोणताही टाकू नका. इंटेल स्मार्ट साउंडच्या ऑडिओ कंट्रोलरची १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ ही दोन व्हर्जन ११व्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ मध्ये निळा स्क्रीन आणत होती, म्हणजे मशीन अचानक कोलमडत होतं. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी अशा मशीनची अपग्रेड थांबवून ठेवली होती. दुरुस्ती शेवटचा आकडा ५७१४ किंवा त्यापुढचा असलेल्या व्हर्जनमध्ये आहे. इथे शेवटचाच आकडा बघायचा. १०.३० हे १०.२९ पेक्षा नवं असं समजू नका, दोन्ही शाखा समांतर आहेत. कंपनीच्या साइटवर एकापेक्षा जास्त पॅकेज असतील तर हे बघूनच निवडा.

नीलमोहर:
क्रमाने सगळं केलं. त्रिकोण गेला, ‘मायक्रोफोन अ‍ॅरे’ परत आला. साउंड सेटिंग्जच्या चाचणीत पट्टी हलते, पण अगदी थोडी. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये तर आवाज जातच नाही.

शांत_दुपार:
या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आवाज बारीक: नव्याने बसलेल्या उपकरणाला विंडोज मूळ पातळी देतं, तुमची जुनी सेटिंग गेली. साउंड सेटिंग्जच्या तळाशी ‘मोअर साउंड सेटिंग्ज’, रेकॉर्डिंग टॅब, मायक्रोफोन अ‍ॅरे, प्रॉपर्टीज, लेव्हल्स. माइक ९० च्या आसपास ठेवा. खाली ‘मायक्रोफोन बूस्ट’ दिसला तर १० डेसिबलपासून सुरुवात करा. २०-३० वर पंख्याची घरघर आणि कीबोर्डची टकटकही तितकीच वाढते. डिजिटल माइकला बऱ्याच मशीनवर बूस्ट नसतोच, मग शोधत बसू नका.

अ‍ॅपमध्ये आवाज नाही: नवा ड्रायव्हर बसला की त्याच माइकला विंडोज नवी ओळख देऊ शकतं. नाव तेच दिसतं, पण अ‍ॅप जुन्या ओळखीला धरून बसतं. अ‍ॅपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइक हाताने निवडा आणि अ‍ॅप पूर्ण बंद करून उघडा. मीटिंग ब्राउझरमधून असेल तर पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर टिचकी मारून त्या साइटची माइकची परवानगीही बघा. आणि कीबोर्डवर माइक म्यूटची कळ असेल, तर तिचा दिवा लागलेला नाही ना हे आधी पाहा.

कातळशिल्प:
हेच अपडेट परत येईल, त्याचंही बघून ठेवा. ऑप्शनल अपडेट्समधल्या ड्रायव्हरवर आपण टिक केल्याशिवाय तो बसत नाही, तेव्हा तिथे हात लावू नका. प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीत विंडोज अपडेटखाली ‘डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स’ चालू करा. होममध्ये ती सोय नाही. तिथे अपडेट जास्तीत जास्त ५ आठवडे थांबवता येतं. चालणारं ऑडिओ पॅकेज मात्र डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर जपून ठेवा, कंपन्या जुनी पॅकेजं साइटवरून काढून टाकतात.

नीलमोहर:
अ‍ॅपमध्ये माइक परत निवडला, आवाज जातोय. लेव्हल ९२ वर ठेवली. बूस्ट नाहीच आहे. पॅकेज पेनड्राइव्हवर घेतलं. तिघांचेही आभार.