एकाच पानावर अख्खा वर्ग: तुमचे अनुभव सांगा

ठाण्यात सातवीला मराठी शिकवते. गेल्या पावसाळ्यात ‘तलावांचं ठाणे’ हा लेख सगळ्या वर्गाने मिळून गूगल डॉक्सवर लिहायचा ठरवला. लिंक सगळ्यांना उघडी ठेवली, त्यामुळे लॉगिन न करता आलेल्यांच्या नावांऐवजी वर गूगलने दिलेले प्राणीच प्राणी, त्यात एक अनामिक कॅपिबारा. दहाव्या मिनिटाला कुणीतरी सगळं सिलेक्ट करून उडवलं. वर्गात हलकल्लोळ! व्हर्जन हिस्टरीतून (पानाच्या जुन्या प्रती, ज्याचा बदल त्याच्या रंगात) मजकूर परत आणला, पण मासुंदा तलाव कोणी बुडवला ते कळलं नाही. आता शाळेच्या आयडीशिवाय प्रवेश नाही.

शिवाय एकमेकांच्या चुका थेट न खोडता ‘सजेस्टिंग’मध्येच सुचवायच्या, असा नियम केला. शेवटच्या बाकावरच्या एकाने ‘आणि’तली वेलांटी दीर्घ केली, आणि समासात भांडण जुंपलं. ‘शेवटचा इकार दीर्घच, बाईंनी सांगितलंय.’ ‘आणि, नि हे अपवाद आहेत, तेही बाईंनीच सांगितलंय.’ एकोणीस कॉमेंट! माझ्या शुद्धलेखनाच्या तासाला एवढी मुलं कधी जागी नसतात.

तुमच्याकडे काय झालं? फसलेलंही लिहा.

घणसोली, आठवीची वर्गशिक्षिका
आमच्या बऱ्याच घरांत फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जातो. एक मुलगी गटाबरोबर कधी ऑनलाइन दिसायची नाही. ‘ही काहीच करत नाही’ म्हणून बाकीचे कुरकुरायचे. मीही तिला दोनदा बोलले. मग हिस्टरी उघडली. रोज रात्री पावणेदहानंतर तिच्या नावाचा हिरवा रंग, इतरांनी अर्धवट टाकलेली वाक्यं पुरी करत गेलेला. वडील घरी आल्यावर फोन हातात यायचा, तेव्हा. तिला काय म्हणायचं ते सुचेना. संध्याकाळी सहाची मुदत मी सकाळी आठची केली.

ऐरोली, विज्ञान
खाडीवर रोहित पक्षी मोजायचा उपक्रम. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते चरायला उतरतात, म्हणून शीटमध्ये तारीख, ओहोटीची वेळ आणि संख्या असे रकाने. एका उत्साही पोराने फक्त संख्येचा रकाना चढत्या क्रमाने लावला. झालं! जूनअखेर, पक्षी निघून गेल्यावर, आमच्याकडे मोसमातला विक्रम. मला ते चार दिवसांनी दिसलं. पोरं मात्र कागदी वहीत नोंदी ठेवून होती.

ठाणे, भूमितीचा क्लास
जॅमबोर्ड, म्हणजे गूगलचा ऑनलाइन फळा, ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. सगळ्या फळ्यांच्या पीडीएफ करून ठेवल्यात, पण त्यावर पोरांना पुढची रेघ ओढता येत नाही. सध्या खडू.

वाशी, बारावी
हिस्टरीवर एवढा विश्वास ठेवू नका, बाई. आमच्या प्रोजेक्टचा सगळा आराखडा मित्राने कागदावर काढला, मी नुसतं टाइप केलं. पानभर माझा रंग, त्याचा कुठेच नाही. मार्क मला जास्त. त्याने अजून वडापाव वसूल करणं थांबवलेलं नाही.

ठाणे, सातवी (पुन्हा मीच)
वाशीकर, पटलं. पुढच्या लेखाखाली ‘कोणी काय केलं’ ते मुलांनीच लिहायचं ठरवलं. काल पहिल्याच ओळीत आलं: ‘मी उपवन तलावाची माहिती आणली. आणि मागच्या वेळचा कॅपिबारा मीच होतो. सॉरी.’