आपला बाहेर, पाहुणा आत : संघनिवडीचे तुमचे अनुभव सांगा

२ मार्च २०२५. नागपूरच्या जामठा मैदानावर केरळविरुद्धची रणजीची फायनल अनिर्णित सुटली आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा चॅम्पियन झाला. मी घसा बसेपर्यंत ओरडलो, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. पण त्या पाच दिवसांत माझी नजर सारखी एकाच खेळाडूकडे जात होती, आणि तो केरळच्या टोपीत होता. आदित्य सरवटे.

२०१९ च्या फायनलमध्ये याच मैदानावर विदर्भाकडून खेळताना त्याने पुजाराला १ आणि ० वर काढलं होतं, सामन्यात ११ बळी घेतले होते. आता तो आपल्यासमोर बॅट घेऊन उभा होता आणि हलायला तयार नव्हता. ७९ धावा काढल्या त्याने. हर्ष दुबेच्या बॉलवर दानिश मालेवारने त्याचा कॅच घेतला तेव्हा सगळं स्टँड उभं राहिलं, मीही राहिलो. पण तो पॅव्हेलियनकडे चालू लागला तशा माझ्या टाळ्या त्याच्यासाठीच वाजायला लागल्या.

आणि आपल्या बाजूने कोण, तर करुण नायर. कर्नाटकने सोडलेला. पहिल्या डावात ८६, दुसऱ्यात १३५.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पाहुणा खेळाडू, म्हणजे दुसऱ्या राज्यातून आलेला, अवश्य घ्यावा, पण त्याच्या नुसत्या धावा मोजू नयेत. त्याच्यासोबत दुसऱ्या टोकाला कोण उभं होतं ते बघावं. पहिल्या दिवशी ३ बाद २४ वरून नायर आणि मालेवारने २१५ ची भागीदारी केली. पोरगा २१ वर्षांचा, पहिलाच रणजी हंगाम, आणि १५३ काढून गेला. मुंबईहून आलेल्या वसीम जाफरचंही तेच. चाळिशीत २०१८-१९ च्या हंगामात त्याने १०३७ धावा केल्या, पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या पोरांना दिवसभर उभं राहून खेळणारा माणूस रोज समोर दिसला.

आपला खेळाडू जातो तेव्हा मात्र हा हिशोब कोणी मांडत नाही. सरवटेच्या जागी हर्ष दुबे उभा राहिला, त्या हंगामात ६९ बळी घेऊन त्याने रणजीचा विक्रम केला. हिशोब कळतो मला. तरीही जीव तुटला तो तुटलाच.

तर आता तुम्ही लिहा. टोचलेली निवड, मत बदलायला लावणारी निवड. गल्लीतली असो, ट्रायलमधली असो की आयपीएलच्या लिलावातली. आकड्यांवरून भांडू नका, स्वतः पाहिलेलं लिहा.

धंतोलीहून

त्याच फायनलचा पहिला दिवस. महाशिवरात्रीची सुट्टी होती, म्हणून बाबांना घेऊन गेलो. आमची बॅटिंग आली आणि ओपनिंगला ध्रुव शौरीसोबत पार्थ रेखडे. बाबा ताडकन उठले. "तायडे कुठंय? बॉलरले काहून पाठवून राहिले हे?" दुसऱ्याच बॉलला रेखडे पायचीत, शून्यावर. मग तिसऱ्या नंबरला दर्शन नळकांडे! तोही एक धाव काढून गेला. बाबांनी पेपरची घडी केली, पिशवीत टाकली आणि म्हणाले, चल घरी.

मी हट्ट करून थांबवलं. दुपारभर मालेवार खेळत राहिला आणि बाबा हळूहळू परत खुर्चीत नीट बसले. पेपर काही परत निघाला नाही.

मी यावर खूप विचार केला आहे. अथर्व तायडेच्या धावा होत नव्हत्या, त्याला बसवलं, ठीक आहे. पण त्याच्या जागी दुसरा ओपनर आणायचा सोडून बॉलरला नवीन बॉलसमोर उभं केलं, हे मला आजही पटत नाही. शिव्या रेखडेने खाल्ल्या आणि निर्णय दुसऱ्याचा होता. त्याच रेखडेने नंतर केरळचा कर्णधार सचिन बेबीला ९८ वर काढलं, नायरनेच सीमारेषेजवळ कॅच घेतला. ती विकेट नसती तर आघाडी आपली राहिली असती का, मला शंका आहे.

ऑक्टोबरमध्ये इराणी ट्रॉफी, पुन्हा जामठा. तायडे १४३. विदर्भ ९३ धावांनी जिंकला. बाबांनी रात्री जेवताना एवढंच म्हटलं, "बसवलं तरी पोरानं मन लावून मेहनत केली ना."

खापरखेड्याहून

आमच्या इकडे संघनिवड म्हटलं की उमेश यादव. त्याचे वडील वलनीच्या कोळसा खाणीत, माझेही वेकोलित, म्हणजे कोळसा कंपनीतच. नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला त्याला कसोटीची टोपी मिळाली, विदर्भाच्या रणजी संघातून कसोटी खेळणारा पहिला माणूस. त्या दिवशी आमच्या क्वार्टरसमोर शिफ्टवरून आलेले लोक अंगावरचा कोळसाही न धुता टीव्हीपुढे बसले होते. आई चहाचं पातेलं घेऊन तीनदा बाहेर आली.

पुढची बारा वर्षं मी फक्त संघाची यादी बघत आलो. परदेश दौरा आला की नाव कधी असायचं, कधी नाही, असलं तरी मैदानावर दुसराच. घरच्या कसोटीत जिथे बॉल धुळीतून सरपटतो, तिथे मात्र हाक याला. ५७ कसोटी, १७० बळी, त्यातले शंभरावर भारतातले. फास्ट बॉलरने भारतातल्या पिचवर शंभर बळी घेणं म्हणजे काय, ते इथल्या मे महिन्यात रनअप घेऊन बघा म्हणजे कळेल. त्याला "घरचा बॉलर" म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांचा मला खरंच राग आहे.

आणि विदर्भाने बोलावलं की तो यायचा. २०१९ ची सेमीफायनल, वायनाडला, केरळविरुद्ध. सामन्यात १२ बळी. एक डाव राखून जिंकलो.

मानेवाड्याहून

मी क्रिकेट बघायला लागले ते मुलामुळे. तेरा वर्षांचा असताना एका निवड चाचणीला घेऊन गेले होते. एप्रिल महिना, सकाळी सातला बोलावलं. किटबॅगच्या कप्प्यात त्याच्या आजीने लू लागू नये म्हणून कांदा घालून दिला होता. दोनशेवर मुलं असतील. सावली एकाच निंबाच्या झाडाची, आणि तिथे आधीपासून गाड्या उभ्या.

त्याचा नंबर साडेअकराला लागला. पॅड बांधून तो दोन तास बसला होता, पिंडऱ्यांवर पट्ट्यांचे लाल वळ उठले होते. नेटमध्ये त्याला सहा बॉल मिळाले. मी मोजले. पहिले दोन बाहेरचे, ते त्याने शहाण्यासारखे सोडले. तिसरा आणि चौथा त्याने सरळ खेळला. पाचव्याला चुकला. सहावा त्याने इतका सुरेख ड्राइव्ह केला की बॉलिंग करणारा मुलगा "शाब्बास" म्हणाला. त्या वेळी खुर्चीवर बसलेले गृहस्थ फोनवर बोलत होते. मान वर केली ती पुढच्या मुलाचं नाव घ्यायला.

दोन दिवसांनी गेटवर यादी लागली. मुलाने ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, सोडलेले बॉल पण मोजतात का गं?"

मला याचं उत्तर त्याला आजही देता आलेलं नाही. माझी मागणी साधी आहे. शंभरच मुलं बोलवा, पण प्रत्येकाला दोन ओव्हर द्या आणि त्या दोन ओव्हर डोळे उघडे ठेवून बघा. मुलगा अजून खेळतो, कॉलेजच्या संघात आहे. बाहेरचा बॉल अजूनही सोडतो.

ताई, हे वाचून बराच वेळ काही लिहवेना. सोडलेला बॉल मोजणारा माणूसच निवडीला बसवायला पाहिजे. (धागाकर्ता)

सिव्हिल लाइन्सहून

वय झालंय, थोडक्यात लिहितो. १९८७ चा वर्ल्ड कप. आमच्या बँकेत रोज वाद, की गावसकरला वनडेत कशाला घेतात, जागा अडवतो. मी त्या बाजूचा होतो, आवाज माझाच मोठा होता. ३१ ऑक्टोबरला आमच्याच जुन्या व्हीसीए मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध सामना. आधी चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली, तिन्ही बोल्ड. मग ताप अंगात असताना गावसकर ८८ चेंडूंत नाबाद १०३. वनडेतलं त्याचं एकमेव शतक. मी साइटस्क्रीनच्या उजव्या अंगाला होतो. त्या दिवसापासून कोणाला काढा म्हणताना माझी जीभ अडखळते.

हिंगण्याहून, मूळ अमरावती

जितेश शर्मा आमच्या गावचा, त्यामुळे माझं मन दोन्हीकडे ओढतं. लोक म्हणतात विदर्भाने त्याला रणजी खेळवलं नाही. पण कीपर अक्षय वाडकर होता ना! इंदूरच्या फायनलमध्ये १३३, २०२४ ला वानखेडेवर ५३८ चा पाठलाग करताना १०२. त्या माणसाला कोण काढेल? मी तरी काढलं नसतं.

आरसीबीने जितेशला ११ कोटींना घेतलं तेव्हा आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये हसले लोक. मे २०२५ मध्ये लखनौला २२८ चा पाठलाग, आणि हा ३३ चेंडूंत नाबाद ८५, वर कर्णधारही तोच. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी सगळ्यांना तर्रीपोहे खाऊ घातले. नंतर तो बडोद्याला गेला, आणि डिसेंबरमध्ये टी-२० वर्ल्ड कपच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. खालच्या नंबरवर येऊन दहा बॉलांत सामना फिरवणाऱ्याची सरासरी काय बघता? त्याला किती बॉल मिळाले ते बघा.

त्रिमूर्तीनगरहून

मुलींचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. भारती फुलमाळी, तीही अमरावतीची. २०१९ मध्ये इंग्लंडविरुद्ध दोन टी-२० खेळली आणि बाहेर. दोन सामन्यांत काय कळतं कोणाचं? २०२५ च्या डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे मुलींच्या आयपीएलमध्ये, मुंबईविरुद्ध २५ चेंडूंत ६१. सहा वर्षं मध्ये गेली. मी स्वतः विद्यापीठाकडून खेळले आहे, घरच्यांनी "अजून किती दिवस" म्हणायला सहा महिनेही पुरतात.

बंगळुरूहून, मूळ महाल

करुण नायरबद्दल. डिसेंबर २०१७ ला कोलकात्याच्या सेमीफायनलमध्ये त्याने आपल्याविरुद्ध १५३ केल्या होत्या. रजनीश गुरबानीने शेवटच्या दिवशी कर्नाटकला गुंडाळलं, आपण ५ धावांनी जिंकलो, नाहीतर पहिली रणजी तिथेच गेली होती. गणेश सतीश त्या सामन्यात आपल्याकडून खेळत होता, स्वतःच्या जुन्या राज्याविरुद्ध. म्हणजे सरवटेला बघून तुम्हाला जे झालं, ते इथल्या लोकांना तेव्हाच झालेलं.

नायर आता परत कर्नाटकला आला. ऑफिसमधले म्हणतात, आमचा माणूस परत मिळाला. मी भांडत नाही. विजय हजारे वनडे स्पर्धेत एका हंगामात ७७९ धावा त्याने विदर्भाच्या जर्सीत केल्या आणि तिथूनच इंग्लंड दौऱ्याचं दार उघडलं, एवढं मात्र सांगतो.

इंदोऱ्याहून

१९ डिसेंबर २०२३, आयपीएलचा लिलाव. माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, कोणाच्या तरी फुटलेल्या स्क्रीनचा फोन काउंटरवर उभा करून त्यावर लावलं होतं. शुभम दुबेचं नाव आलं, बोली २० लाखांपासून सुरू. काचेला मधोमध तडा, त्यामुळे आकडा नीट दिसेना. कोणी म्हणे ८०, कोणी म्हणे एक कोटी. ज्याचा फोन होता तो डोळे बारीक करून वाचत होता आणि वाचता वाचता थांबला. ५ कोटी ८० लाख. राजस्थान.

या पोराच्या वडिलांची पानटपरी. विदर्भात बाकीच्यांना कोटी मिळाले तेव्हा आनंद झाला होता, पण या वेळी दुकानातला एकही माणूस बोलला नाही, दोन मिनिटं तरी. पुढच्या लिलावात तोच ८० लाखांवर आला तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. राजस्थाननेच त्याला परत घेतलं, म्हणजे जवळून बघितलेल्यांना तो हवा होता.

त्या फोनची स्क्रीन मी त्या दिवशी फुकट बदलून दिली.