लहान मुलांना गळाने मासे पकडायला कसं न्यावं? सल्ला हवा

दोघांची_आई:
थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा. मासे पकडायला न्या म्हणून दोघांनी टुमणं लावलंय. आम्हा नवराबायकोला गळ कसा धरतात याचाही पत्ता नाही. साहित्य काय घ्यावं, किती वेळ थांबावं? मासा मेला तर थोरली रडेल, ही वेगळीच धास्ती.

तंगूस:
रीळवाला रॉड मुळीच नको, अख्खा दिवस गुंता सोडवण्यात जाईल. साधी हलकी काठी, साधारण मुलाच्या दीडपट उंचीची. टोकाला काठीएवढाच तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा), त्याला लहानसा गळ, गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा बारीक मणी आणि त्याहून वर बूच. बूच भडक रंगाचं घ्या, मासा ओढतो तेव्हा ते बुडतं, पोरांची सगळी गंमत त्यातच असते. या लहान मापांत नंबर वाढतो तसा गळ बारीक होतो, दुकानात इथेच घोळ होतो. 10 ते 14 मधला पुरे. टोकाजवळचा उलटा दात पकडीने दाबून सपाट करा. एखादा मासा निसटेल, पण बोटात रुतलेला गळ सहज निघेल.
आमिष गांडूळ किंवा घट्ट मळलेल्या कणकेची गोळी. शिसं तोंडात जाऊ देऊ नका, खाण्याआधी हात धुवा. त्या पाण्यात मासे धरायला परवानगी लागते का, तेही आधी विचारा.

कासवगती:
वरच्याला अनुमोदन. माझी भर एवढीच: स्वतःची काठी घरी ठेवा. पहिल्या खेपेला मी माझ्या बुचाकडे डोळे लावून बसलो आणि तेवढ्यात चिरंजीवांनी डब्यातली सगळी कणीक पाण्यात रिकामी केली. (मासे मात्र तिथेच गोळा झाले! तेव्हापासून आम्ही मुद्दाम मूठभर चुरा आधी टाकतो.)
आता गंभीर मुद्दा. लहान मूल बुडताना आरडाओरडा करत नाही, गपकन खाली जातं. त्यामुळे काठावरसुद्धा लाइफ जॅकेट हवंच, आणि धाकट्याला मांड्यांमधून पट्टा असलेलं, नाहीतर ते डोक्यावरून निघतं. फुगवायच्या बाह्यांवर विसंबू नका. एका मोठ्या माणसाने फक्त मुलांकडे बघायचं, फोन खिशात.
काठी डोक्यावरून फिरवू देऊ नका, खालून झोका द्यायला शिकवा. सगळ्यांना टोपी आणि गॉगल. डोळ्याजवळ गळ रुतला तर हात न लावता थेट डॉक्टर.

दोघांची_आई:
बापरे, बरं झालं विचारलं. आणि रडारडीचं काय?

पाणकावळा:
ताई, सोडायचा की घरी न्यायचा, हे निघण्याआधीच मुलीशी बोलून ठरवा. आमच्याकडे काठावर वाद झाला होता, तो अजून मिटलेला नाही.
सोडणार असाल तर हात ओले करून धरा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागायला वाट मिळते. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, तंगूस तोंडाशी कापा. बादलीत बघू द्या, पण दोनच मिनिटं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. सोडलेले काही मासे तरीही मरतात. मुलीने विचारलं तर खरं सांगा.
वेळ सकाळची किंवा उतरत्या उन्हाची. तळ्यात मोठा मासा आहे का याच्या मागे लागू नका, चिल्लर मासे भरपूर असलेली जागा बघा. पोरं पाऊण तासाच्या पुढे टिकत नाहीत.

दोघांची_आई:
जाऊन आलो! मासे शून्य. थोरली रडली, पण घरी निघायचं म्हणून. धाकट्याने गांडुळांना नावं ठेवली, म्हणजे खरोखरची नावं, आणि मग एकही गळाला लावू दिलं नाही. तिघं सध्या कुंडीत मुक्कामाला आहेत. पुढच्या वेळी कणीकच नेणार.